धोप्यासारख्या पानाचं झाड

सिहोरा
४ एप्रिल २०२४

चि. रिता,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नावाआधी काय लिहावं यात बराच वेळ गेला. 'सौ.' लिहिता येत नाही, आणि त्याऐवजी जे लिहितात ते माझ्या हातून लिहिलं जाणार नाही. म्हणून नुसतं 'चि.' लिहिलं आहे.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. घरात फोन आहे, पण फोनवर आपल्या दोघांचं बोलणं होत नाही. मी "बरी आहेस ना" म्हणतो, तू "हो मामाजी" म्हणतेस, मग दोन्हीकडचे पंखे ऐकू येतात. तू या घरात सून म्हणून राहिलीस तेव्हाही आपण फारसं बोललो नाही. तुझं काही असलं तर कमलेश मला सांगायचा, माझं काही असलं तर तुला. आता तो नाही, तेव्हा लिहून पाहावं म्हटलं.

काम असं आहे. कमलेशच्या तेरवीनंतर तुझा भाऊ खुशाल तुला माहेरी घेऊन गेला, त्या दिवशी दारातून निघताना तू म्हणालीस, "मामाजी, माझ्या झाडाकडे लक्ष द्याल." मी मान हलवली. तू कपडे मागितले नाहीस, दागिन्यांचं विचारलं नाहीस. एवढं एकच सांगून गेलीस, म्हणून ते माझ्या डोक्यात राहिलं आहे.

तुम्हा दोघांची खोली तुझ्या सासूनं, रुखमिणीनं, बंद करून ठेवली होती. ती आत जात नाही. मी परवा दार उघडलं. झाड खिडकीजवळ होतं, माती सुकून कुंडीच्या कडेपासून सुटली होती. पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत पानं जरा उभी झाली.

ते तुम्ही नागपूरहून आणलं तो दिवस मला आठवतो. कमलेश मोटारसायकल चालवत होता आणि तू मागं कुंडी मांडीवर घेऊन, वर ओढणी धरून बसली होतीस. तेव्हा त्याला एक लाल फूल होतं, मेण लावल्यासारखं चकचकीत. त्यानंतर फूल आलेलं मी पाहिलं नाही. आलं असलं तर मला माहीत नाही.

माझा जन्म धानात गेला. घरात ठेवायचं झाड मला कळत नाही. कुठं ठेवू, किती पाणी देऊ, ऊन दाखवू की नको, हे लिहून कळव. ऊन वाढत चाललं आहे. मी ते मरू देणार नाही. तू येशील तेव्हा ते जागेवर असेल.

आशीर्वाद.
लक्ष्मणराव

•

सानगडी
१५ एप्रिल २०२४

तीर्थस्वरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. मी ते दोनदा वाचलं.

झाडाचं नाव अँथुरियम आहे. त्याला उजेड लागतो, पण ऊन अंगावर पडलेलं चालत नाही. खिडकीपासून थोडं आत, भिंतीकडे सरकवा. एप्रिल-मेमध्ये मी ते कुलरच्या खोलीत नेत असे. कुलरची ओलसर हवा त्याला मानवते, पण हवेच्या झोतात ठेवू नका, पानांच्या कडा जळतात. पाणी वरची माती बोटाला सुकी लागली की द्यायचं. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, माठातलं दिलं तर बरं. आठवड्यातून एकदा पानं ओल्या फडक्यानं पुसा. खालून हात धरून हळू पुसा, नाहीतर देठाशी मोडतात.

त्याचा चीक हाताला लागला तर खाज सुटते. शेळीला त्या खोलीत जाऊ देऊ नका.

फूल त्यानंतर आलं नाही. ते दरवर्षी म्हणायचे, "यंदा येईल." मीही म्हणायचे.

इथं सगळं ठीक आहे. मी ब्लाऊज शिवायला घेते. खुशालदादा आणि वहिनी नीट ठेवतात.

आत्याबाईंना नमस्कार सांगा. त्या जेवतात का, तेही कळवा.

आपली,
रिता

•

सिहोरा
२० मे २०२४

चि. रिता,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. आंब्याच्या झाडाला वाऱ्यानं मार बसला, त्यात दिवस गेले.

रुखमिणी एक वेळ जेवते. तिच्यासमोर मी बसून राहतो, तेव्हा दुसरी पोळी घेते.

झाड कुलरच्या खोलीत आणलं. तू लिहिल्याप्रमाणे झोतापासून बाजूला ठेवलं आहे. पानं पुसतो. पाण्याचं मात्र मी माझ्या डोक्यानं थोडं पुढं नेलं. इथं पारा इतका चढला आहे की सकाळी घातलेलं पाणी दुपारी दिसत नाही, सारखं बोट लावून पाहत बसणं होत नाही. शिवाय मी पान नीट पाहिलं. ते आपल्या धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, जातीचं आहे. तोच आकार, तीच शीर, चीकही तसाच खाजरा. धोपा आपल्याकडे मोरीच्या तोंडाशी कसा माजतो ते तुला माहीत आहे. तेव्हा मी कुंडी एका घमेल्यात ठेवली आणि घमेल्यात बोटभर पाणी कायम उभं ठेवतो, रोवणीनंतर धानाच्या बांधीत ठेवतो तसं. आता सुकण्याची भीती नाही.

खालची दोन पानं पिवळी झाली आहेत, ती उन्हानं असावीत. पाणी थोडं वाढवलं आहे.

रुखमिणी दारातून पाहते, आत येत नाही. काल म्हणाली, "पोराले कधी एक गिलास पानी आपल्या हातानं देलं नाही, आता झाडाले पाजून राहिले." मी पानं पुसत राहिलो. मग तीच थोड्या वेळानं म्हणाली, "घमेलं माहं सारवायचं होतं जी. दुसरं आना."

दुसरं आणलं.

आशीर्वाद.
लक्ष्मणराव

•

सानगडी
२६ मे २०२४

तीर्थस्वरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

पत्र वाचल्याबरोबर फोन केला होता. आत्याबाईंनी उचलला. त्या काही बोलल्या नाहीत आणि माझ्याही तोंडून शब्द निघाला नाही. मग ठेवला. खुशालदादा उद्या बाजाराच्या कामानं तुमसरला येत आहे, त्याच्या हाती हे पत्र पाठवते, म्हणजे तुम्हाला लवकर मिळेल.

मामाजी, झाड लगेच पाण्यातून काढा. ते धोप्याच्या कुळातलं आहे हे खरं, पण धोप्यासारखं राहत नाही. त्याच्या मूळ देशात ते जंगलात मोठ्या झाडांच्या खोडावर, पालापाचोळ्यात वाढतं, असं त्या रोपवाटिकेतल्या माणसानं सांगितलं होतं. त्याच्या मुळांना हवा लागते. उभ्या पाण्यात मुळं गुदमरून सडतात. पानं उन्हानं पिवळी झालेली नाहीत.

कुंडीतून काढून मुळं पाहा. पांढरी आणि टणक असतील ती ठेवा. काळी, हाताला मऊ लागणारी, घाण वास येणारी सगळी कापून टाका, कीव करू नका. ब्लेड आधी विस्तवावर धरून घ्या. नवी कुंडी आधीच्यापेक्षा लहान हवी, खाली भोकं असलेली. माती जवळजवळ नको. नारळाच्या शेंड्या, कोळशाचे बारीक तुकडे, थोडं शेणखत, असं सैल भरा. मग काही दिवस थोडंच पाणी द्या. नवं पान आलं तर समजा की जगलं.

नाही जगलं तरी तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

एक विचारायचं होतं. जगलं तर मी ते इकडे नेऊ का? मी कुणाला तरी पाठवीन.

आपली,
रिता

•

सिहोरा
८ जून २०२४

चि. रिता,

आशीर्वाद. खुशालनं पत्र दिलं. चहा घ्यायला थांबला नाही. बोलताना जमिनीकडे पाहत होता.

त्याच दिवशी झाड काढलं. कुंडी उलटी केली तेव्हा पाण्यात कुजलेल्या पेंढीसारखा वास आला. मला तो वास माहीत आहे. तुझं पत्र समोर ठेवून मी अंगणात बसलो. रोवणीच्या आधी पऱ्हे, धानाची रोपं, खणून मुळं धुतो तशी मुळं पाण्यात हलवून धुतली. बहुतेक सगळी काळी. तू कीव करू नका लिहिलं होतंस म्हणून केली नाही. शेवटी हातात एक बोटभर खोड राहिलं, खाली चार पांढरी मुळं आणि वर दोन पानं.

रुखमिणी ओसरीवरून म्हणाली, "आता का उरलं त्याचं?"

मी म्हटलं, "उरलं तेवढं लावतो."

नारळाच्या शेंड्या देवळातून आणल्या. कोळसा घरात नव्हता. मला आठवलं, तुमसरला राईस मिलच्या भट्टीजवळ धानाचं तूस अर्धवट जळून काळं पडतं, त्याचा ढीग असतो. तिथं गेलो. मिलवाला माणूस ओळखीचा, म्हणाला, "का जी लक्ष्मणराव, लोक तांदूळ नेतात, तुमी राख नेऊन राहिले?" त्यानं पोतं भरून दिलं. मी ते तीनदा धुतलं, कारण राखेत खार असतो, धानालाही तो जास्त झाला तर चालत नाही. शेंड्या, ते काळं तूस, थोडं खत. छोट्या मातीच्या कुंडीत भरलं. हाताला इतकं हलकं लागलं की यात झाड उभं कसं राहील वाटलं, पण राहिलं. दोन पानांतलं एक गळालं. दुसरं हिरवं आहे. रोज बोट लावून पाहतो. आता माझ्या डोक्यानं काही करत नाही.

रुखमिणी इथं शेजारी बसली आहे आणि सांगते आहे की हेही लिहा. तिच्याच शब्दांत लिहितो: "यायनं युरिया पन टाकला होता. पान पिवळं दिसलं का याइले युरियाच सुचते." हे खरं आहे. चिमूटभर टाकला होता. तुला लिहिलं नव्हतं.

तू विचारलंस, झाड नेऊ का. रिता, झाड न्यायला कुणाला पाठवायची गरज नाही. घर तुझं आहे. तुझी खोली मी झाडून घेतली आहे, खिडकीला जाळी बसवली आहे. झाड इथंच राहील. तू ये.

आशीर्वाद.
लक्ष्मणराव

•

सिहोरा
१४ ऑगस्ट २०२४

चि. रिता,

आशीर्वाद. माझ्या जूनच्या पत्राचं उत्तर आलं नाही. रोवणी होती, म्हणून मीही वाट पाहिली. आता रोवणी आटोपली.

झाडाला नवं पान आलं. आधी गुंडाळलेली लालसर सुरळी आली, मला वाटलं फूल आहे. मग ती उघडली तर पान निघालं. त्यानंतर आणखी एक आलं. आता तीन आहेत. पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं आहे, तेच देतो.

दुसरं असं. मागच्या आठवड्यात तुमसरला साकोलीकडचे एक ओळखीचे भेटले. त्यांच्याकडून कळलं की सानगडीला तुला पाहायला कुणी आलं होतं. मी त्यांना पुढं काही विचारलं नाही. तुलाही विचारणार नाही. ते तुझं आणि तुझ्या भावाचं आहे.

पण त्यासाठी झाडाचं लिहिणं बंद करू नकोस. जूनमध्ये मी जे लिहिलं ते मागं घेत नाही. मात्र मला जे हवं आहे तेच मी लिहिलं होतं, तुला काय हवं ते विचारलं नव्हतं. आता विचारतो.

लक्ष्मणराव

•

सानगडी
२४ ऑगस्ट २०२४

तीर्थस्वरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

तुम्ही विचारलंत, म्हणून सगळं लिहिते. आधी लिहायला हवं होतं, हात धजला नाही.

मुलाचं नाव भुपेंद्र. साकोलीला त्यांचं बॅटरी आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची पत्नी आजारात गेली. मोना नावाची चार वर्षांची मुलगी आहे. मे महिन्यात ते पहिल्यांदा आले होते, खुशालदादा पत्र घेऊन तुमच्याकडे आला त्याच्या आदल्या आठवड्यात. म्हणून तो चहाला थांबला नाही. त्याला तुमच्यासमोर बसणं जमलं नसतं.

ते फार बोलत नाहीत. मी म्हटलं, मी कमलेशना विसरणार नाही. ते म्हणाले, "मीही तिला विसरलो नाही. विसरायचं असतं तर कुणीही चाललं असतं." त्या दिवशी मोना माझ्या शिवणयंत्राचं चाक फिरवत बसली होती.

मी हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. खुशालदादा घाई करत नाही, पण वहिनी करते, आणि तिचं चुकतं असंही नाही.

झाड मागितलं ते यासाठी. मला वाटलं, ते तिथं असेपर्यंत मी त्या घराची आहे, आणि ते तिथून निघालं की मी मोकळी. मग तुमचं पत्र आलं, झाड इथंच राहील, तू ये. ते वाचून मला लिहिता आलं नाही. खरं सांगते, मे महिन्यात तुम्ही पाण्याचं लिहिलंत, तेव्हा पत्र पाठवायच्या आधी क्षणभर मनात आलं होतं की ते मेलं तर बरं, मला ठरवावं लागणार नाही. दुसऱ्याच क्षणी फोन लावला.

मामाजी, तुमच्याकडून ऐकल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी पुन्हा कधी विचारणार नाही आणि मनात रागही ठेवणार नाही. पण जे असेल ते स्पष्ट लिहा. 'तुझी मर्जी' असं लिहू नका. त्यानं मला काहीच कळणार नाही.

आपली,
रिता

•

सिहोरा
६ ऑक्टोबर २०२४

चि. रिता,

आशीर्वाद. तुझ्या पत्राला एवढा उशीर होऊ द्यायला नको होता. मला स्पष्ट लिहायचं होतं आणि एकट्यानं लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र मी रुखमिणीला वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं, काही गाळलं नाही. ती उठून मागच्या अंगणात गेली आणि भांडी घासत बसली. घासलेली पुन्हा घासली. त्यानंतर बरेच दिवस तसेच गेले. पितृपक्ष लागला. कमलेशचं पान वाढलं. तू असतीस तर पाटोडीची भाजी केली असतीस, ती त्याला आवडायची. रुखमिणीनं केली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेतावरून आलो तर खोलीचं दार उघडं. ती आत खाली बसून पदराच्या टोकानं पानं पुसत होती. कमलेश गेल्यापासून ती पहिल्यांदा त्या खोलीत गेली. मला पाहून म्हणाली, "बुडाशी कोंब आला आहे, दिसला का तुमाले?" मला दिसला नव्हता. वाकून पाहिलं. जुन्या खोडाच्या बाजूला दुसरं पिल्लू फुटलं आहे, त्याला स्वतःचं पान आहे.

मग ती म्हणाली, "पोरीले लिहा, हो म्हन म्हना. थे का आपल्या घरी सुकाले आली होती?"

मी म्हटलं, "तुला चालेल?"

ती म्हणाली, "मले चालाचं का विचारता. मले तर काहीच चालत नाही. तरी लिहा."

तेव्हा हे मी लिहितो आणि ती बाजूला बसली आहे. तू हो म्हण. 'तुझी मर्जी' लिहू नका म्हणालीस, म्हणून मी माझी मर्जी लिहितो. माझी मर्जी आहे की तू हो म्हणावं. जूनमध्ये मी तू ये असं लिहिलं तेव्हा मला घरात माणूस हवं होतं. एवढ्यासाठी तुला बोलावणं बरोबर नाही.

दोन गोष्टी आहेत. एक, वर्षश्राद्ध होईपर्यंत थांबावं असं रुखमिणीला वाटतं. ते फेब्रुवारीत येईल. तेवढं तिच्यासाठी कर. गावात कुणी काही बोललं तर त्याला मी उत्तर देईन, तू आणि खुशालनं त्याची काळजी करू नये.

दुसरी, झाडाची. तुला कुंडी मिळेल. पण आत्ता पिल्लू वेगळं करायचं नाही. पुढं थंडी आहे आणि त्याची मुळं अजून कमी आहेत. तुला विचारलं नाही, पण हे मला पऱ्ह्यावरून कळतं. रोप आपल्या मुळावर उभं राहिल्याशिवाय हलवू नये. थंडी उतरली की वेगळं करीन.

आशीर्वाद. रुखमिणीचेही.
लक्ष्मणराव

•

सानगडी
१९ जानेवारी २०२५

तीर्थरूप मामाजी आणि आत्याबाई यांना साष्टांग नमस्कार.

मी हो म्हटलं. ऑक्टोबरातच म्हटलं होतं, पण तारीख ठरल्यावर लिहावं असं वाटलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सानगडीलाच, घरच्या घरी. मंडप नाही, बँड नाही. दोन्हीकडची थोडी माणसं.

वहिनी म्हणते, पहिल्या सासरच्यांना बोलावण्याची रीत नाही, त्यांनाही अवघड होईल आणि समोरच्यांनाही. मी भुपेंद्रना विचारलं. ते म्हणाले, "त्यांनीच तर हो म्हणायला सांगितलं. ते नसले तर कसं?" म्हणून मी बोलावते आहे. तुम्हाला येणं झालं नाही तर मी समजेन, पुन्हा विषय काढणार नाही.

कुंडी मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नका.

यंदा थंडी फार आहे. झाड खिडकीजवळ असेल तर आत घ्या. तुम्ही घेतलं असेलच.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मी इथं उपास धरीन.

आपली,
रिता

•

सिहोरा
२ मे २०२५

चि. सौ. रिता,

अनेक आशीर्वाद. या वेळी नावाआधी काय लिहायचं याचा विचार करावा लागला नाही.

तू जानेवारीत 'तीर्थस्वरूप' सोडून 'तीर्थरूप' लिहिलं होतंस, आईवडिलांना लिहितात तसं. ते मी वाचलं. त्यावर तेव्हा काही लिहिलं नाही, आता एवढंच लिहितो की वाचलं.

मार्चमध्ये लग्नातून आम्ही सुखरूप परतलो, ते लिहायचं राहिलं. रुखमिणी बसमध्ये साकोलीपासून भंडाऱ्यापर्यंत पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मला वाटलं रडेल. तर एकदम म्हणाली, "पोरगी लहान आहे जी. चिटकून राहते, बरं आहे." ती मोनाबद्दल बोलत होती. मग म्हणाली, "जावई पान खात नाही, थे बरं." तिनं 'जावई' म्हटलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं.

कुंडी तुझ्या हातात देताना मला सांगायचं राहिलं, कारण तिथं लोक होते. वेगळं करताना कोण कुणाकडे जाईल याचा वाद आमच्यात झाला. मला वाटत होतं मोठं जुनं खोड तुला द्यावं, ते तुमचं आहे, त्यानं आणलेलं. रुखमिणी ऐकेना. "जुनं आपल्यापाशी राहू द्या. नवं नव्या घरी जाऊ द्या," म्हणाली. तेव्हा तुझ्याकडे आहे ते पिल्लू आहे. त्याची मुळं मी मोजली नाहीत, पण मूठभर होती, सगळी पांढरी.

आता ऊन वाढेल. आधी तू मला लिहायचीस, या वेळी मी लिहितो. साकोलीच्या घरी कुलर लावला असेल तर झाड त्याच खोलीत ठेव, झोतापासून बाजूला. ताटलीत पाणी उभं राहू देऊ नकोस, माझा अनुभव तुला माहीत आहे. युरिया नाही. तूस जास्त लागलं तर कळव, मी पोतं घेऊन येईन, तुमसरच्या मिलवाल्याला आता माझी सवय झाली आहे. आणि मोनाला त्याचं पान तोंडात घालू देऊ नकोस. कच्च्या धोप्यानं होतं तसंच याच्या चिकानं तोंड आणि घसा सुजतो. कुंडी तिच्या हाताच्या वर, उंच ठेव. ती मोठी झाली की तिला पुसायला शिकव.

इकडची बातमी सांगतो. परवा अक्षय तृतीया झाली. कमलेशच्या नावानं नवा माठ भरला, पुरण केलं. धाकट्या भावाची बायको रत्नमाला आली होती. तिला माहीत नव्हतं, पण त्याच्या आधी आठ-दहा दिवसांपासून झाडाला एक सुरळी आली होती. मी म्हटलं पान असेल, कारण आधी फसलो होतो. ती हळूहळू उघडत गेली आणि त्या दिवशी सकाळी पूर्ण उघडली. लाल, तसंच चकचकीत, मधे पिवळी दांडी. इतक्या वर्षांनी.

रत्नमालानं ते पाहिलं आणि हात पुढं केला. म्हणाली, "भाऊजी, एवढं चांगलं फूल आहे, फोटोले वाहून देऊ. कमलेशलेच पोचन." ती चुकीचं बोलली नाही. आपल्या घरात फूल आलं की देवाला किंवा गेलेल्या माणसाला वाहतात. माझ्या मनातही सकाळपासून तेच होतं. फोटोसमोर जागाही मी साफ करून ठेवली होती.

रुखमिणी चुलीजवळून उठून आली. तिच्या हाताला पीठ होतं. रत्नमालाचा हात धरून म्हणाली, "तोडू नोको. त्याच्यासाठी मोगरा आनला आहे, तो वाहा. हे झाडावरच राहू दे."

रत्नमाला म्हणाली, "मंग कुंडीच फोटोपाशी ठेवू का?"

रुखमिणी म्हणाली, "नाही वं. तिथं उजेड नाही येत. मरून जाईन."

तेव्हा कमलेशला मोगरा वाहिला. कुंडी कुलरच्या खोलीत, भिंतीकडे, जिथं तू सांगितलं होतंस तिथंच आहे. फूल आज तिसऱ्या दिवशीही तसंच आहे. असं पुष्कळ दिवस राहतं म्हणतात. रुखमिणी सकाळी आत जाऊन पाहून येते, मग चहा मांडते.

तुझ्या पिल्लाला फूल उशिरा येईल, घाई करू नकोस. आलं की लिही. फोन केलास तरी चालेल. रुखमिणी म्हणते, आता ती बोलेल.

तुझे,
लक्ष्मणराव